एक अभिप्राय

“किंमत दिसतेय. माल शिल्लक आहे, हेही दिसतंय. तारे तेवढे दिसत नाहीत,” म्हणत मीटरवाल्यांनी लॅपटॉप बायकोकडे वळवला.

“नसू देत,” ती म्हणाली. बारीक आकड्याने ती जाळीत एकेक केस गुंफत होती. नजर वर केली असती तर गाठ सुटली असती.

सगळी नोकरी पाण्याचे मीटर वाचण्यात गेली, म्हणून ते सगळ्यांचे मीटरवाले. निवृत्तीनंतर माणसं भाजी निवडतात, यांनी स्ट्रक्चर्ड डेटा शिकून घेतला. बायको केसांचे टोप करायची, हे ते वेबसाइटवर विकायचे. पानाच्या पोटात, गिऱ्हाइकाला न दिसणाऱ्या ओळींत वस्तूचं नाव, किंमत, रंग असं सगळं नीट मांडून ठेवलं की सर्च इंजिनला ते वाचता येतं आणि शोधाच्या यादीत दुकान उठून दिसतं. पण इतर दुकानांच्या नावाखाली पिवळे तारे असत आणि लोक तिकडे वळत. ऑर्डरी आटल्या होत्या. वर्षअखेरीला काम बंद करायचं, असं बायकोने सांगून टाकलं होतं. तिचे हात रिकामे झालेले बघायची मीटरवाल्यांना धास्ती वाटत होती.

ताऱ्यांसाठी खऱ्या गिऱ्हाइकाचा अभिप्राय लागतो. मनचे आकडे घालायचा मोह त्यांना झाला नाही असं नाही, पण खोटं रीडिंग त्यांनी जन्मात लिहिलं नव्हतं.

“एवढी गिऱ्हाइकं झाली. एकीलाही दोन ओळी लिहवत नाहीत?”

“आपले केस खोटे आहेत हे चारचौघांत कोण सांगेल हो? मी तर रस्त्यात कुणी गिऱ्हाईक भेटलं तरी ओळख दाखवत नाही.”

मीटरवाल्यांनी मान हलवली. पटलं मात्र नव्हतं.

दोन दिवसांनी बँकेत त्यांना गणिताच्या बाई दिसल्या. आजारपणात केस गेल्यापासून त्या यांच्याकडचाच टोप घालत. शाळेतल्या दोघीजणींबरोबर रांगेत उभ्या राहून त्या कशावर तरी हसत होत्या. मीटरवाले लगबगीने पुढे झाले.

“बाई, टोप काय सुरेख बसलाय हो. अगदी खरे केस वाटतात. वेबसाइटवर दोन ओळी लिहा ना, तेवढेच आम्हाला तारे लागतील.”

बरोबरच्या एकीने बाईंच्या केसांकडे पाहिलं आणि चटकन मान खाली घातली. दुसरी पर्समध्ये काहीतरी शोधू लागली.

“हो, लिहीन ना,” बाई म्हणाल्या.

आपण काय करून बसलो ते मीटरवाल्यांना तेव्हा कळलं. काम न करताच ते घरी आले आणि बायकोला सगळं सांगितलं. तिने आकडा खाली ठेवला.

“त्या उद्या वर्गावर कशा जातील, याचा विचार केलात का?”

माफी मागायला त्यांनी बाईंना फोन लावला, पुन्हा लावला. बाईंनी उचलला नाही.

पुढच्या आठवड्यात वेबसाइटवर अभिप्राय आला. खाली बाईंचं पूर्ण नाव आणि शाळेचं नाव होतं. पाच तारे. ‘टोप उत्तम आहे. इतकी वर्षं वर्गात कुणालाच कळलं नव्हतं.’

मीटरवाल्यांनी तो बायकोला वाचून दाखवला.

“काढून टाकू?”

“आता काढून कुणाचं भलं होणार? त्यांनी खरं ते लिहिलंय. राहू द्या.”

त्यांनी पानाच्या पोटात आकडे भरले. सरासरी पाच, एकूण अभिप्राय एक. काही दिवसांनी यादीत दुकानाच्या नावाखाली तारे उमटले. ते बघायला बायकोला हाक मारावी असं त्यांना वाटलं नाही.

त्याच आठवड्यात एका अनोळखी बाईंचा फोन आला. बायकोने तो स्पीकरवर टाकला आणि माप लिहून घ्यायला कागद पुढे ओढला. डोक्याचा घेर झाला, रंग झाला. मग पलीकडून दबक्या आवाजात प्रश्न आला, “कुणाला कळणार नाही ना?”

बायकोने मीटरवाल्यांकडे पाहिलं.

“टोपावरून नाही कळणार,” ती म्हणाली, आणि कानापासून कानापर्यंतचं माप विचारलं.