चिपळूणच्या नर्मदाआजीचं पातेलं

मित्रांनो, मला उचलायचं असेल तर दोन्ही हात लागतात. मी एक जुनं, जाड बुडाचं आणि जड झाकणाचं बिडाचं पातेलं आहे. मला तीन आखूड पाय आहेत. बुडाशी काही अक्षरं उमटवलेली आहेत, पण त्यातली अर्धी गंजानं खाल्ली आहेत. उज्जैनच्या नानाखेड्यात भय्यासाहेबांच्या घरी मी राहतो.

स्वभावानं मी संशयी आहे, हे आधीच सांगून टाकतो. कुणी मला प्रेमानं घासायला घेतलं की मला वाटतं, आता हा मला विकणार. तुम्ही म्हणाल, भांड्याला कसला आलाय संशय? पण ज्याच्याविषयी घरात पिढ्यान्‌पिढ्या खोटं सांगितलं गेलं, त्यानं विश्वास तरी कुणावर ठेवायचा?

माझा जन्म आयर्लंडमधला. वाळूच्या साच्यात लालबुंद लोखंड ओतून मला घडवलं. एका शिपायाच्या बायकोनं मला विकत घेतलं, आणि नवऱ्याची पलटण हिंदुस्थानात निघाली तेव्हा जुन्या घोंगडीत गुंडाळून बरोबर आणलं. आमचा मुक्काम पडला इंदूरजवळ, महूच्या छावणीत. तिथं ती बाई तापानं गेली. काही वर्षांनी शिपाईही गेला. मागे राहिलो मी आणि त्यांची मुलगी नोरा.

छावणीच्या इस्पितळात दत्तात्रय नावाचे तरुण मराठी डॉक्टर होते. त्यांचे पूर्वज दरबारी कारकून. शिपायाची त्यांनी शेवटपर्यंत शुश्रूषा केली होती. पुढे नोरानं आणि त्यांनी लग्न केलं. कुठं, कसं, ते मला ठाऊक नाही, कारण मी तेव्हा पेटीत होतो. पेटी उघडली तेव्हा उज्जैन आलं होतं आणि नोराच्या अंगावर नऊवारी लुगडं होतं. शेजारणींना सांगण्यात आलं, "ही नर्मदा. चिपळूणची. आईबाप नाहीत बिचारीला." गोरा रंग, घारे डोळे. बायकांना पटलं. तिची जीभ मराठीत अडखळायची, तर "कोकणातलं बोलणंच वेगळं" म्हणून त्यांनी तेही सोडून दिलं. मला मात्र लिलावात घेतलेलं भांडं म्हणायचे. मी तिच्या आईचा होतो, पण बोलणार कसा?

ते दिवस कष्टाचे आणि चांगले होते. माझ्यात आमटी उकळली, झाकणावर निखारे ठेवून बाफले, म्हणजे कणकेचे उकडलेले गोळे, भाजले गेले. "नर्मदाबाईंच्या पातेल्यातल्या बाफल्यांची चव दुसरीकडे नाही," असं लोक म्हणत, आणि मी मनातल्या मनात फुगत असे. वर्षातून एकदा, होळीच्या आगेमागे, ती एक वेगळाच पदार्थ करी. कणीक, ताक, खायचा सोडा, मीठ. मला आतून पीठ लावून गोल गोळा माझ्यात ठेवी, आणि सुरीनं वर मोठी फुली मारी. नात अहल्या जवळ बसलेली असे. ती विचारी, "आजी, हे कशाला?" नर्मदाआजी म्हणे, "आत काही वाईट असेल तर चार दिशांना निघून जातं."

आजी गेली. मग गॅस आला, कुकर आला, नवं घर आलं. माझी रवानगी गच्चीवर झाली. माझ्यात माती भरून कोरफड लावली. पावसाळ्यात पाणी साचायचं आणि मी आतून गंजत राहायचो. माझं झाकण पाण्याच्या टाकीखाली पडलेलं होतं. तिथं ते मला दिसायचं, पण माझ्यापर्यंत कधी आलं नाही.

मग या वर्षी मार्चमध्ये मृण्मयी आली.

ती भय्यासाहेबांची नात. आयर्लंडमध्ये कॉर्क गावी नोकरी करते. रजेवर आली होती. आल्या आल्या ती गच्चीवर चढली, कोरफड हलक्या हातानं काढून दुसऱ्या कुंडीत लावली, आणि मला उलटं करून माझ्या बुडाचे फोटो काढू लागली. मी ओळखलं, हिला गिऱ्हाईक मिळालेलं दिसतंय. तिनं टाकीखालून माझं झाकण काढलं, मला मिठानं घासलं, तेल लावून तापवलं, पुन्हा घासलं. माझा संशय वाढतच गेला.

संशय घेणारा मी एकटा नव्हतो. भय्यासाहेब संध्याकाळी गच्चीवर फेऱ्या मारायचे. मृण्मयी तिथंच उभी राहून कॉर्कमधल्या मधुरा नावाच्या मैत्रिणीशी फोनवर बोलत होती. "हो गं, सतराला पॅट्रिकचा दिवस. यंदा इथंच करणार. नाही, घरी अजून बोलले नाही. आजोबांना धक्काच बसेल."

भय्यासाहेबांचे पाय थबकले. ते चुपचाप खाली गेले.

दुसऱ्या दिवशी मी ओट्यावर होतो. भय्यासाहेब स्वयंपाकघरात आले आणि त्यांनी दार लोटलं. आत त्यांची थोरली बहीण अहल्याताई भाजी निवडत होत्या. नर्मदाआजीजवळ बसणारी ती नात आता ऐंशीच्या पुढे गेली होती. यजमान गेल्यापासून त्या भावाकडेच राहत होत्या.

"ताई, लफडं आहे," भय्यासाहेब हळूच म्हणाले. "कोणी पॅट्रिक म्हणून आहे."

"कोण पॅट्रिक?"

"क्या पता! सतरा तारखेला त्याचा काही कार्यक्रम आहे म्हणे. आपल्यापासून लपवून राहिली आहे पोरगी. मी तिचा पासपोर्ट मागून घेतला. म्हटलं, कपाटात सुरक्षित राहील. चावी माझ्याजवळ आहे. आता जाते कशी, बघतो."

"अरे भई, आधी विचार तरी तिला!"

"विचारलं तर सावध होईल."

त्या दिवसापासून घरातले तिघंही एकमेकांकडे चोरून बघू लागले. मृण्मयी अहल्याताईंना, म्हणजे तिच्या आत्याआजींना, मध्येच विचारायची, "नर्मदा खापरपणजीचं माहेरचं आडनाव काय होतं हो?" आत्याआजी म्हणायच्या, "कोण जाणे, मी लहान होते," आणि भाजी नसली तरी चाळणी धुवायला उठायच्या.

सतरा तारीख उजाडली. त्या दिवशी संकष्टी होती. अहल्याताई टेबलाशी बसून संध्याकाळच्या मोदकांचं सारण करत होत्या. मृण्मयी हिरवी ओढणी घेऊन आली. तिनं कणीक घेतली, ताक घेतलं, सोडा घातला. गोल गोळा माझ्यात ठेवला, सुरी उचलली, आणि वर मोठी फुली मारली.

मी पुरता हादरलो. आणि अहल्याताईंच्या हातातली वाटी टेबलावर कलंडली.

दारात भय्यासाहेब उभे होते. "हा पॅट्रिक कोण?" त्यांनी एकदम विचारलं.

मृण्मयी आधी गोंधळली, मग हसू आवरत म्हणाली, "आजोबा, ते संत आहेत. पंधराशे वर्षांपूर्वी होऊन गेले. आज तिकडे सण असतो त्यांचा."

दुसरं कुणी असतं तर तिथंच ओशाळलं असतं. पण भय्यासाहेबांचं लक्ष माझ्याकडे गेलं. "संत? मतलब तू धर्म बदललास! माझ्या घरात, संकष्टीच्या दिवशी, पिठावर क्रॉस! तुझा पासपोर्ट मी देणार नाही. परत जायचं नाव काढू नकोस."

"तुम्ही माझा पासपोर्ट अडकवून ठेवलात?" मृण्मयीचा आवाज बारीक झाला. "मला विचारायचं तरी होतं, आजोबा."

"भय्या, तिला रागवू नकोस," अहल्याताई म्हणाल्या. त्यांचे हात सारणानं भरलेले होते. "ही फुली मी पाहिलेली आहे. याच पातेल्यात. आपली आजी मारायची."

"आजी? चिपळूणची आजी?"

"ती चिपळूणची नव्हती रे. तिकडून कधी कुणी आलेलं आठवतं तुला? महूच्या छावणीतल्या आयरिश शिपायाची मुलगी होती ती. नोरा नाव तिचं. जाण्याआधी मला सांगितलं आणि शपथ घातली. आपल्या आत्यांची लग्नं व्हायची होती. मग आपली लग्नं झाली. मग मुलांची. बोलायचं राहत गेलं, आणि मग बोलायची भीती वाटायला लागली."

भय्यासाहेब बहिणीसमोर येऊन उभे राहिले. मग म्हणाले, "तू मुलीला वाचवायला गोष्ट रचते आहेस. पिठावरच्या रेघांवरून काय सिद्ध होतं?"

मृण्मयीनं सुरी खाली ठेवली आणि विचारलं, "आजोबा, लहानपणी तुम्ही मला 'अलाना' म्हणून हाक मारायचात. तो शब्द कुठला?"

"आमच्या घरचा. आजी मला म्हणायची. लाडाचा शब्द आहे."

"कुठल्या भाषेतला?"

ते विचारात पडले. "भाषा कसली? असाच असेल. लहान मुलांशी बोलतो तसा."

"कॉर्कमधली माझी घरमालकीण तिच्या नातवाला तीच हाक मारते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी मागं वळून 'ओ' दिली होती. तिकडे तो शब्द लेकरासाठीच आहे, आजोबा. तिच्याकडे या पातेल्यासारखंच पातेलंही आहे. तेव्हापासून मला शंका येत होती. तुमच्याशी कसं बोलावं ते कळत नव्हतं, म्हणून म्हटलं, आधी पातेलं बघू."

भय्यासाहेब खुर्चीवर बसले. त्यांनी तो शब्द एकदा अगदी हळू म्हणून पाहिला. सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस, पण आवाज लहान मुलाचा निघाला. मग ते बहिणीला म्हणाले, "एकटी पडली असेल गं ती. तिच्याशी तिच्या बोलीत बोलणारं कुणी नव्हतं. आणि तुला माहीत होतं."

अहल्याताईंनी पदरानं डोळे पुसले.

भय्यासाहेब उठून गेले. मला वाटलं, आता मी भंगारात. पण ते परत आले, आणि पासपोर्ट त्यांनी मृण्मयीच्या हातात दिला. "चुकलं माझं," एवढंच म्हणाले, आणि मला गॅसवर ठेवायला त्यांनी दुसऱ्या बाजूनं हात लावला. त्या रात्री चंद्र दिसल्यावर गणपतीपुढे मोदकांशेजारी त्या पावाचा एक चतकोर होता. तो तिथं कुणी ठेवला, हे मी पाहिलं आहे. अहल्याताईंनी नाही, आणि मृण्मयीनंही नाही.

सगळं लगेच गोड झालं असं मात्र समजू नका. भय्यासाहेब बहिणीशी रंगपंचमीनंतरही आठवडाभर धड बोलत नव्हते. मग एका सकाळी त्यांनी टॅक्सी बोलावली आणि म्हणाले, "ताई, चल, महूला जाऊ." मृण्मयीही गेली. संध्याकाळी ते परतले तेव्हा त्यांच्या बोलण्यातून मला कळलं, की जुन्या दफनभूमीतल्या बऱ्याच दगडांवरची अक्षरं झिजली आहेत आणि शिपायाची कबर काही सापडली नाही. त्यांनी नेलेली शेवंतीची फुलं तिथल्या एका बिननावाच्या दगडावर ठेवली. "इतक्या जवळ राहून आजी एकदा तरी तिथं गेली असेल का?" भय्यासाहेबांनी विचारलं. अहल्याताईंनी त्यांचा कप भरला, आणि दोघं बहीण-भाऊ माझ्यासमोर बराच वेळ चहा पीत बसले.

मृण्मयी कॉर्कला परत गेली. मला तिनं विकलं नाही आणि बरोबरही नेलं नाही. माझा संशय खोटा ठरला, आणि त्याचं मला जराही वाईट वाटत नाही. आता अहल्याताई मला धुतल्याबरोबर कोरडं करतात आणि बोटानं थोडं तेल फिरवतात. मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखं भांडं असेल तर एवढं नक्की करा. ते ओलं ठेवून झाकू नका.

आणि आणखी एक मागणं आहे. मी शंभर वर्षं सगळं पाहिलं, पण मी लोखंड आहे. मला कितीही विचारलं तरी मला सांगता येत नाही. तुमच्या घरात मात्र बोलता येणारं एखादं म्हातारं माणूस अजून बसलेलं असेल. आज त्याच्या शेजारी जाऊन बसा.