कमरुन्निसाचा लेप

मित्रांनो, मंगळवेढ्याच्या पाथरवटाने घडवलेला मी एक जुना, काळ्या दगडाचा खल आहे. सोलापुरात हकीम हुसेनसाबांच्या दवाखान्यात माझी उमर गेली. खोकल्याची, पोटदुखीची औषधे माझ्यात कुटली जात. आपल्या नशिबी एवढेच, असे मला वाटे.

साल एकोणीसशे तीसच्या आसपासचे. शेजारच्या विणकराची लेक दानम्मा सुरेख गायची. वयात आली आणि तिच्या तोंडावर मुरमे उठली. एका फेरीवाल्याचे पांढरे मलम तिने लावले, तर गाल भाजल्यासारखे सोलून निघाले. तिने तोंडावर पदर ओढला. गाणेही थांबले.

हुसेनसाबांची मुलगी कमरुन्निसा तिची जिवाभावाची मैत्रीण. मुरमे तिलाही होतीच.

"अब्बा, एवढी औषधं हायत, आमच्या तोंडाला एक न्हाय?"

"वय सरलं की जातात बेटी."

"आणि तोवर दानम्मानं मुकं बसायचं?"

हुसेनसाबांनी मला पुढे ओढले. त्यांनी बत्ता तिच्या हाती दिला.

पहिला लेप गंधकाचा. तिने तो आधी मनगटावर लावून पाहिला. कातडी लालबुंद झाली! हुसेनसाब घाबरले, "बस झालं आता!" पण कमरुन्निसा हटली नाही. तिने गंधक चिमूटभरच ठेवला. लोध्राची साल, धणे, वेखंड, चंदन घातले. माझ्यात इतके बारीक घोटले, की माझेच अंग गुळगुळीत झाले. मग मलमलीतून चाळून, गुलाबपाण्यात कालवून तिने तो लेप लावला, पण एकाच गालाला.

काही आठवड्यांनी ती दानम्मासमोर उभी राहिली आणि ओढणी बाजूला केली. एक गाल मुरमांनी भरलेला, दुसरा नितळ.

"वळख, लेप कुठल्या गालाला लावला?"

दानम्मा कितीतरी दिवसांनी खळखळून हसली. "अगं, दुसऱ्याला पण लाव की! लोक काय म्हणतील?"

"आधी तुझ्या गालांना."

दानम्माची कातडी भरून येईपर्यंत नुसती कोरफड, मग लेप. घाई कुणीच केली नाही.

जानेवारीत सोलापूरची मोठी, गड्ड्याची यात्रा भरली. हुसेनसाबांनी तिथे दुकान मांडले, मलाही नेले. शेजारच्या मांडवात दानम्मा भजनाला पुढे बसली. डोक्यावर पदर, चेहरा उघडा, अंगावर गॅसबत्तीचा झगझगीत उजेड. तिने असा सूर लावला की फिरत्या पाळण्याकडे निघालेली माणसे वळून मांडवात आली.

गाणे संपताच पोरींनी दानम्माला नितळ गालांचे गुपित विचारले, आणि तिने बोट दाखवताच सारा घोळका आमच्या दुकानावर लोटला. कुणी तेलुगूत विचारी, कुणी कानडीत. "हकीमसाब, तुमचा लेप द्या की!"

हुसेनसाब उठून उभे राहिले. साऱ्या यात्रेला ऐकू जाईल असे ओरडले, "लेप माझा न्हाय! माझ्या बेटीनं केलाय!"

मित्रांनो, त्या दिवशी दगड असूनही माझी छाती फुगली.

आज मी परसात पालथा पडून असतो. तक्रार नाही. मात्र कुणाच्या तोंडावरच्या मुरमांना हसू नका; कुणीही दिलेले मलम तोंडाला फासू नका. आणि तुमच्या घरी एखादा जुना खल असेल, तर त्याला धुऊन उन्हात ठेवा. आमच्या अंगात अजून पुष्कळ दम आहे!