घाऱ्या मच्छिंद्रचे काळे डोळे

मच्छिंद्रचे डोळे घारे होते. मुरुमला कालेजात असताना पोरी मागं वळून बघायच्या, असं तो स्वतःच सांगायचा. पण शहाऐंशीच्या दुष्काळात तो शेजारच्या गावच्या दूध सोसायटीत फॅट तपासायला लागला आन् दोन महिन्यांत त्या गावच्या म्हशी आटल्या.

आटल्या त्या उसाचं वाळलेलं वाडं खाऊन. पण रांगेत सत्यभामा एकदा बोलून गेली, "ह्या घाऱ्यानं बघितलं की फॅट खाली येतंय." झालं, गावाला पटलं. तिची सासू कडूबाई तर रोज रांगेत उभी राहून त्याला शिव्या घालायची. बाया किटली पदराखाली झाकून आणायच्या आन् नमुना काढताना म्हणायच्या, "तिकडं बघ." आता तिकडं बघून फॅट कसं मोजायचं? निम्म्या बायांनी तर दूध घालायचंच बंद केलं.

चेअरमन आण्णासाहेबांनी त्याला बोलावलं. "माझा असल्या गोष्टीवर इस्वास न्हाय बाबा. पण महिन्याभरात बाया परत आल्या न्हाईत तर मला दुसरा माणूस बघावा लागंल."

"मग काय डोळे बदलून आणू का, आण्णा?"

"आण की."

आण्णा चेष्टेनं बोलले, पण मच्छिंद्रनं दुसऱ्या दिवशी सोलापूरची एसटी धरली.

डोळ्याच्या डॉक्टरनं रंगीत लेन्सच्या चार डब्या मांडल्या. निळी, हिरवी, मधाच्या रंगाची आन् एक काळपट. "लोक काळे डोळे घारे करायला येतात," डॉक्टर म्हणाले, "आणि काळ्यावर फिका रंग दिसतच नाही. तुमच्या डोळ्यांवर मात्र काहीही खुलेल. निळी घ्या, गावात उठून दिसाल."

"साहेब, उठून दिसल्यामुळंच हितवर आलोय."

मधाच्या रंगाची घालून बघितली. आरशात पहिल्यापेक्षा घारा मच्छिंद्र. "ह्यानं तर रेडकंबी आटतील," तो म्हणाला.

"मग नेमका कसा रंग हवाय?"

"म्हशीच्या डोळ्यागत."

डॉक्टरनं हसत काळपट दिली. येताना एसटीत डोळ्यांना अशी धार लागली, की शेजारच्या म्हातारीनं पाठीवर हात ठेवून विचारलं, "कोण गेलं रं लेकरा?"

पण काम झालं. कडूबाईनं हनुवटी धरून त्याचं तोंड उजेडाकडं फिरवलं. "आता माणसात आला," म्हणाली. दोन दिवसांत सगळ्या किटल्या परत आल्या.

फॅट मात्र तेवढंच. सत्यभामाच्या किटलीचं तर सगळ्यांत कमी.

कडूबाईनं सुनेकडं बघितलं. "आता गं कुणाची नजर लागली?"

रांगेतल्या सगळ्या बाया आपापल्या किटलीत बघायला लागल्या.

दुपारी सोसायटीत कुणी नसताना सत्यभामा चार बाया घेऊन आली. "मच्छिंदर, काढ ते."

"काय?"

"डोळ्यातलं."

"आवं वैनी, नोकरी जाईल की माझी!"

"आरं, तू घारा हुतास तवा माझी दोन पोरं सकाळी पेलाभर दूध प्यायची. तेवढंच पाणी मी किटलीत टाकायची. फॅट घसरलं की सासू तुला शिव्या द्यायची. आता मला देतीया. चार दिस झालं, पोरं कोरा चहा पितेत."

मच्छिंद्र बघतच राहिला. "गावात प्यायला पाणी न्हाय, आन् तुमी दुधात..."

"टँकरच्या रांगेत मी उभी ऱ्हाते. पाणी माझं हाय."

मागच्या चौघींनी माना डोलावल्या. म्हणजे पाणी त्यांचंही होतं.

"पण परत दूध बंद केलं तर?"

"रोज घालू. तू फकस्त शिव्या खायच्या."

मच्छिंद्रनं तिथंच लेन्स काढल्या. डोळ्यांना गार वाटलं.

महिना भरला तसे आण्णासाहेब सकाळीच रांगेपाशी येऊन उभे राहिले. "ह्यो तर परत घारा झाला. काढू का ह्याला?"

"काढा!" कडूबाई ओरडली.

"नगं, नगं!" मागनं पंधरा-वीस बाया.

सत्यभामा पदर सारखा करत पुढं झाली. "आत्याबाई, नव्या माणसाची नजर ह्याच्याहून वंगाळ निघाली तर? ह्याची आता म्हशीला सवय झालीया."

कडूबाईनं किटली पदराखालून काढली आन् मच्छिंद्रपुढं आदळली. "धर, मुडद्या. तिकडं बघ."