पुसलेले कोपरे

सिरिलचा डस्टर फळ्यावरून फिरला की गणितं नाहीशी व्हायची, आणि मास्तरांवरून फिरला की मास्तर. दर गुरुवारी मुलांच्या साप्ताहिकात दोन पानं. शेवटच्या चौकटीत मास्तर हमखास परत यायचे. मग एक तर सिरिलला चपलेचे फटके बसायचे, नाहीतर कुणीतरी शेठ खूश होऊन त्याला कुस्करलेल्या बटाट्यांचा डोंगर खाऊ घालायचा, वर चार सॉसेज खोचून. साठ वर्षांपूर्वी यॉर्कशरमधली पोरं या चित्रकथेवर जीव टाकायची. त्यातली चौदा पोरं अजून टाकतात. सगळ्यांना पेन्शन आहे आणि नऊ जणांचे गुडघे बदललेले आहेत.

वर्षातून एकदा ही पोरं टॉडमॉर्डनच्या एका पबच्या माडीवर जमून हल्लीच्या मुलांच्या नावाने बोटं मोडतात. शेवटी एकाला ‘सोन्याचा डस्टर’ मिळतो. म्हणजे लाकडाचाच, वर सोनेरी रंग फासलेला. तो मिळवायला अंक स्वतःच्या लहानपणचे असावे लागतात, विकत घेतलेले चालत नाहीत. पुरावा म्हणजे कोपऱ्यातली पेन्सिल. त्या काळी पेपरवाला राखून ठेवलेल्या प्रत्येक अंकाच्या कोपऱ्यात त्या त्या मुलाचं नाव लिहायचा. बाकीचे संग्राहक अशा खुणेला नाकं मुरडतात, पण ही मंडळी ती पाहून डोळे पुसतात.

डेसमंड थ्वेटकडे एकशे चार अंक होते, पहिल्यापासून शेवटपर्यंत. वय सदुसष्ट, नोकरी आयुष्यभर नगरपालिकेच्या गटारखात्यात. कौतुकाचा शब्द म्हणून कधी कानावर पडला नव्हता. हा डस्टर त्याला इतका हवा होता, की शेकोटीवरच्या फळीवर जागाही त्याने मोकळी करून ठेवली होती.

यंदा खुब्याच्या ऑपरेशनमुळे गाडी चालवता येत नव्हती, म्हणून थोरल्या बहिणीला, मॉरीनला, आणावं लागलं. ती शब्दकोडं घेऊन खिडकीशी बसली होती. डेसमंडचं भाषण मात्र रंगात आलं होतं.

“आम्ही पोरं खरी गुणी हो! खाऊचे पैसे साठवून गुरुवारी पळत सुटायचो. मुलींना यातलं काय कळणार? त्यांचं आपलं घोडे नि बाहुल्या!”

खिडकीशी पेन्सिल थांबली.

“काय सांगता, थ्वेटसाहेब!” क्लाइव्ह ऑर्मरॉड म्हणाला. हा निवृत्त दंतवैद्य, गेल्या वर्षीचा मानकरी. “पण तुमचे कोपरे एवढे कोरे कसे? पेपरवाल्याचं तुमच्याशी भांडण होतं का? की अंक लिलावातून उचललेत?”

लिलाव हा शब्द तिथे शिवीसारखा होता.

“साफ केले मी,” डेसमंड म्हणाला. “स्वच्छतेची आवड.”

“नाव पुसलंत? स्वतःचं? वा!” ऑर्मरॉडने खिशातून टॉर्च काढला. आयुष्यभर लोकांच्या दाढांत डोकावलेला माणूस, त्याला कीड बरोबर सापडायची. पहिल्या अंकाच्या कोपऱ्यावर त्याने प्रकाश तिरका पाडला. पेन्सिल गेली होती, पण पेपरवाल्याचा हात जड होता आणि कागदात खळी राहिली होती. ऑर्मरॉडने मोठ्याने वाचलं, “मॉरीन.”

चौदा माना खिडकीकडे वळल्या.

“अहो, ही आणायची माझ्यासाठी,” डेसमंड घाईघाईने म्हणाला. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. “सांग ना गं, मॉरीन. सांग यांना.”

तिने नुसती मान हलवली असती तरी काम झालं असतं. डेसमंडने तिच्याकडे असं पाहिलं, जसं तो पाच वर्षांचा असताना फुटलेल्या बरणीशेजारी उभा राहून पाहायचा. तेव्हा तिने मान हलवली होती.

“चिप्सच्या दुकानात बटाटे सोलायचे मी शनिवारी,” मॉरीन म्हणाली. “त्यातून घेतलेले अंक आहेत. अकरा वर्षांची झाल्यावर आई म्हणाली, आता मोठी झालीस, हे मुलग्यांचं असतं, दे त्याला. पुढेही बटाटे मीच सोलले, अंक हा वाचायचा. आणि कुलूप लावून ठेवायचा, गुलाम!”

नियम म्हणजे नियम. कोपऱ्यात जिचं नाव, तिचा डस्टर. मंडळींनी टाळ्या वाजवल्या, दोघांना हुंदकेही आले. एवढं जुनं आणि खरं त्यांच्या माडीवर कधी घडलं नव्हतं. डेसमंडने टाळ्या वाजवल्या नाहीत. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

गाडीत काच धुरकटली, तेव्हा मॉरीनने सोन्याच्या डस्टरने ती पुसली. सोनेरी रंग काचेला लागला.

घरी पोचल्यावर तिने चहा ठेवला नाही. स्वयंपाकघरातल्या टेबलावर अंकांचं खोकं उघडलं आणि पहिल्या अंकाच्या कोपऱ्यात, त्याच खळीतून, दाबून नाव लिहिलं.

“अगं, हातमोजे!” डेसमंड कळवळला.

“धर तो कागद. सरकतोय.”

त्याने धरला. इतक्या वर्षांत दुसऱ्या कुणाला बोट लावू दिलं नव्हतं, आणि आता स्वतःच तिच्यासाठी पान ताणून बसला. कोपरे पुसताना आपण काय पुसतोय हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तसं बोलावंसं वाटलं, पण त्याने पुढचा अंक काढून दिला.

आईने हिसकावलेल्या अंकापाशी मॉरीन थांबली आणि वाचू लागली. तो संपवून तिने पुढचा वाचला, मग त्याच्या पुढचा.

“चप्पल नाहीतर सॉसेज,” ती म्हणाली. “शेवटपर्यंत हेच?”

“हेच.”

“एकदाही वेगळं नाही?”

“नाताळच्या अंकात सॉसेज सहा असतात.”

“आणि यासाठी मी अठ्ठावन्न वर्षं तुझ्यावर डूख धरला!” तिने पेन्सिलीला टोक काढलं. “दे पुढचा.”