पहिल्या स्टार्टचा वास

खिळ्यावरची चावी खणकली आणि घरातली शांतता मोडली. सृष्टीनं कूस बदलली. मी तव्यावरची भाकरी खाली घेतली, हात पदराला पुसला आणि अंगणात गेले. हे पिकपमध्ये बसले होते, पण चावी फिरवली नव्हती. माझ्यासाठी थांबले होते.

"आलीस? घे वास."

कोरोनात यांचा वास गेला, तो परत आलाच नाही. सृष्टी तेव्हा पाळण्यात होती. तिला न्हाऊ घालून हातात दिली की हे तिच्या टाळूला नाक लावायचे. पाच वर्षांची झाली, अजून लावतात. एकदा विचारलं, काय येतं हो? म्हणाले, "येत काय न्हाई. आठवतो." डिझेल गळू दे नाहीतर वायर जळू दे, यांना पत्ता लागत नाही. म्हणून गाडीचं नाक मी.

थंडी पडायला लागली तेव्हा एका सकाळी गाडी सुरू झाली आणि गोड वास आला. उतू गेलेली काकवी चुलीवर सांडावी तसा, जळका गोड. मी सांगितलं तर हे हसले. "गुळाची गाडी हाय. मिरचीचा वास यील व्हय?"

तेही खरंच. मागे रोज गुळाच्या ढेपा, आजूबाजूला गुऱ्हाळं पेटलेली. या दिवसांत आमच्या कडेगावकडची हवाच गोड असते. पांढरा धूरही निघायचा, पण थंडीत तो कुठल्या गाडीला निघत नाही? तरी माझं मन मानेना. ढेपांचा वास गाडी बंद असतानाही येतो. हा फक्त सकाळच्या पहिल्या स्टार्टला यायचा, आणि चहा पिऊन होईतो जायचा.

मी हटूनच बसले, तेव्हा यांनी गाडी नाथाजीच्या गॅरेजवर घेतली. मीही गेले. तिथं पोचेपर्यंत इंजिन तापलं आणि वास गायब.

"वैनी, कुठाय वास?" नाथाजी बोनेटमध्ये डोकं घालून म्हणाला.

"सकाळीच येतो भावजी, दारात."

"म्हंजे गाडी तुमच्यापाशीच लाडात येती. आमच्याफुडं गप."

पण इंजिन निवल्यावर त्यानं बोनेटमधल्या टाकीचं झाकण काढलं आणि त्याचं हसू थांबलं. यांना म्हणाला, "कृष्णातदा, वैनीचं ऐका. इंजिन गार ठेवायचं हिरवं कूलंट उतरलंय. त्येचा वास गोडच असतो. रातभर इंजिनात झिरपत आसंल आन् सकाळी जळत आसंल. इंजिनाचं हेड खोलाय लागंल. चार दिस गाडी हितं ऱ्हाऊ दे."

"ऐन गुळाच्या हंगामात? चिपळूणचा माल कोण पोचवणार, तू?"

"बरं, मग भरून देतो. वैनी, रोज वास घ्यायचा. वाढला न्हाईतर टाकी उतरली, की तडक हिकडं. इंजिन तापल्याचा काटाबी बंद हाय तुमचा. घाटात गाडी बंद पडली तर ब्रेक दगडागत व्हतोय, दाबता दाबत न्हाई, सांगून ठिवतो."

तेव्हापासून मी रोज सायलेन्सरपाशी उभी राहते. पहिले काही दिवस वास तसाच होता, मग थोडा उतरला, मग आणखी. मला माझ्याच नाकाची शंका आली. हिंगाची डबी हुंगली, सृष्टीची टाळू हुंगली. सगळं नीट येत होतं.

आज यांनी चावी फिरवली, धूर निघाला, पण वास काहीच आला नाही. मी वाकून वाकून बघितलं.

"न्हाई येत."

"नक्की?"

"न्हाई ओ. काहीच न्हाई."

"बघ, नाथाजी उगं घाबरवत हुता. तुझं नाक न्हाई म्हनतंय ना, मग बास." डबा घेतला, उगवतीकडं हात जोडले आणि भरलेली गाडी घेऊन चिपळूणला गेले.

मला खरंच हलकं वाटलं. सगळी कामं सावकाश उरकली आणि सृष्टीच्या वेण्या घालायला बसले.

"आई, पप्पा मला कवा न्हेनार गाडीतनं? मी तर रोज पाणी घालते तिला."

"कुठं घालतीस?"

"फुडं. पप्पा झाकण काढत्यात, मी तांब्या वतते. तू म्हशीची धार काढाय जातीस तवा. आधी हिरवं हिरवं हुतं आत. आता सगळं पाणीच."

माझ्या हातात तिचे केस तसेच राहिले.

गळती थांबली नव्हती. रोज तांब्याभर कूलंट जळत होतं आणि तेवढंच पाणी आत जात होतं. टाकी भरलेली दिसली की यांना वाटायचं, झालं. आता आत जळायला पाणीच उरलं होतं, आणि पाण्याला कसला वास? मी खोटं बोलले नव्हते. माझ्या त्या खऱ्या शब्दावर हे कुंभार्ली घाटाला गेले होते.

फोन लावला. व्यक्ती संपर्क क्षेत्राच्या बाहेर. म्हणजे पाटण मागे पडलं असणार. कोयनानगरच्या बाजूला रेंज अशीच येते-जाते. मेसेज टाकला. त्याला एकच खूण आली. नाथाजीला लावला. त्याला सगळं सांगितलं.

"हितनं मी तरी काय करू, वैनी? लावत ऱ्हावा. लागला तर म्हनावं, हाय तितंच थांबा. आन् तापल्यालं झाकण उघडू नगा म्हनावं, तोंडावर उडंल."

मी लावत राहिले. तीच बाई, तेच वाक्य. सृष्टी अर्ध्या वेणीनं उठली, ओसरीवरचा तांब्या घेऊन आली आणि माझ्यासमोर धरून म्हणाली,

"आई, तांब्या तर हितंच ऱ्हायला. वाटंत गाडीला तहान लागली तर तिला पाणी कोण पाजणार?"