झरा एकच

बोअर मारण्यात माझी तीस वर्षं गेली, पण पोरांपुढे बोलायची पाळी कधी आली नव्हती. चौथीच्या बाईंनी बोलावलं म्हणून गेलो. पहिल्याच बाकावर ताईची नात! ताई म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण. घराला घर लागून, आणि सहा वर्षं अबोला.

कारण पाणीच. तिची विहीर उथळ. मी शेजारी खोल बोअर मारली आणि महिन्याभरात तिची विहीर आटली. ती भांडायला आली, तेव्हा मी ठणकावून सांगितलं, "तुझा झरा वेगळा, माझा वेगळा. कावळा बसायला अन् फांदी तुटायला एकच गाठ!" धंद्यात सगळे असंच म्हणतात. मीही तेच खरं धरून बसलो होतो.

काचेच्या टाकीत मी खडी भरली, वर वाळू. झारीनं पाणी ओतलं. "जमिनीखाली काही तळं नसतं, पोरांनो. पाणी असं फटीफटींत मुरून बसतं." मग साबणाच्या बाटल्यांचे दोन पंप खोचले, एकाची नळी आखूड, दुसऱ्याची लांब. आखूड नळी नातीकडे दिली, लांब एका पोराकडे.

आधी दोघांनाही पाणी आलं. मग नातीचा पंप नुसताच फुसफुसायला लागला. पोराचं चालूच.

"मामाआजोबा, माझं पाणी कुठे गेलं? माझा झरा वेगळा आहे ना?"

मी टाकीत वाकून पाहिलं. ओलीची रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच होती, आणि सगळीकडे सारखीच खाली गेली होती.

"नाही गं. एकच आहे."

"मग आमच्या विहिरीचं?"

"तेही असंच झालं. माझ्यामुळे." लाज वाटली, खोटं कशाला बोलू?

"आजीला सांगू?"

"सांग."

तिनं जरा विचार केला. "नको. ती म्हणेल, तुला काय कळतंय! तुम्हीच सांगा."

शाळा सुटल्यावर टाकी उचलून थेट ताईच्या दारात गेलो. "ताई, झरा एकच होता. मी चुकलो."

तिनं टाकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ती खाली ठेव. आणि आधी तुझा पंप बंद करून ये."

"लगेच पाणी नाही यायचं. महिने लागतील."

"सहा वर्षं नळावर रांगेत उभी राहिलेय," ताई म्हणाली, "मला महिने काय सांगतोस?"