चौकटही वाढली

“वाढली! दोन बोटं वाढली!”

खजुरीच्या शिवारातलं पत्र्याचं शेड दणाणलं. माझ्या अक्काची मुलगी भाग्यलक्ष्मी दोरेवाल्या अप्पांसमोर ताठ उभी होती. अप्पांनी घट्ट पिळाचा सुती दोरा तिच्या टाचेपासून डोक्यापर्यंत मापून कापला, हळदीच्या पाण्यात भिजवला, काहीतरी पुटपुटले आणि पुन्हा लावला. आता तो तिच्या कपाळापर्यंतच पोचत होता.

“शिवाच्या कृपेनं हाड लांबायलंय!” अप्पा गरजले. “सुईच्या उष्णतेनं हाड गोठतंय. सुई बंद!”

उष्णतेनं गोठतं कसं, हे कुणी विचारलं नाही.

अक्कानं दिवाळीपासून सुई बंदच केली होती. भाग्यलक्ष्मीच्या शरीरात वाढीचं संप्रेरक पुरेसं तयार होत नाही. ते रोज झोपताना टोचावं लागतं, वर्षानुवर्षं. सुरुवातीला ती डोळे मिटून मोठ्यानं कन्नड पाढे म्हणायची. पुढं गाद्यांच्या मागं लपायला लागली. पाचवीतल्या पोरीला पाहुणे विचारायचे, “बालवाडीत जातीस का गं?” मग ती दिवसभर बोलायची नाही.

दोरा दुखत नव्हता.

मी अप्पांच्या रिळातून कोरडा दोरा घेतला आणि दाराच्या चौकटीला लावला.

“चौकट कामून मोजायलास रे?” अप्पा खेकसले.

“ती बी वाढते का बघतो की.”

चौकटीएवढा दोरा कापला, त्याच पाण्यात भिजवला, परत लावला. चार बोटं कमी पडला.

“आता गं बया, चौकट बी वाढली!” इरप्पा नावाचा म्हातारा खो खो हसला.

“अप्पाच्या जागेतली हाय, वाढणारच की!” रांगेतल्या नागम्मानं त्याला झापलं आणि चौकटीला हात जोडले.

मी समजावून सांगितलं: पाण्यानं सुताचे तंतू फुगतात, पीळ आवळतो, दोरा आखूड होतो. पोरगी होती तेवढीच आहे.

“ओल्या बाजेची दोरी ताठते, तसंच व्हय,” इरप्पा म्हणाला. काही जण उठले. बाकीच्यांची रांग तशीच राहिली.

बाहेर अक्का म्हणाली, “मला बी चौकट दिसली रे, मल्लेश. पण दोरा लावताना ती हसायली होती. सुई हातात घेतली की माझ्याकडं बघत बी न्हाई.”

भाग्यलक्ष्मीनं माझी बाही ओढली. “मामा, म्हणजे मी वाढलेच न्हाई?”

दोऱ्याचं शास्त्र मला लगेच सांगता आलं होतं. इथं मात्र मी आधी तिच्याशेजारी खाली बसलो. हाडांच्या वाढीला वयाची मर्यादा असते. दिवाळीपासूनचे महिने तिला कुणीच परत देणार नाही.

कुणी चमत्कारानं वाढ दाखवली, तर आधी न वाढणारी वस्तू मोजून बघा. डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध थांबवू नका. आणि रोजच्या सुईला कंटाळलेल्या लेकराजवळ जाऊन बसा, असले अप्पा पोचायच्या आधी.